माघारीचीं पत्रकें

या त्रैमासिकाच्या वाचकांस तहनामे, कैफियती, याद्या आणि खासगी पत्रें यांची संवय आहे. छापील पत्रक हातीं आलें तर तें वाचून रद्दींत टाकावें, अशी आपल्यांतील बहुतेकांची रीत. कागद मोडींत नसला, त्यावर शिक्का नसला, कडेला वाळवी लागलेली नसली, कीं त्यास इतिहासाचें साधन म्हणण्यास आपली जीभ रेटत नाहीं. ही रीत कांहीं प्रकारच्या कागदांपुरती तरी सोडावी असें आम्हांस वाटतें. आणि कां वाटतें तें एका लहानशा कागदसमूहाची परीक्षा करून दाखवावें, असा या लेखाचा हेतु आहे. राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदासाठीं ज्यांचीं नांवें पुढें आलीं आणि ज्यांनीं तीं मागें घेतलीं, किंवा पद हातीं आल्यावर तें सोडून दिलें, त्यांनीं त्या त्या प्रसंगीं काढलेलीं निवेदनें हा तो समूह होय.

या निवेदनांवर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण तें बहुधा निवेदन काढणाराच्या शीलाविषयीं. अमक्याचा त्याग थोर, तमक्याचा हट्ट खोटा, यापलीकडे चर्चा जात नाहीं. आमच्या मतें माघारीचें पत्रक वाचतांना प्रथम विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. ज्यांनीं या गृहस्थाचें नांव सुचविलें, त्याच्यासाठीं गांवोगांव शब्द टाकला, प्रतिपक्षाचा रोष पत्करला, त्या माणसांस हा जातांना काय सांगून गेला? उमेदवार एकटा मागें फिरूं शकतो. त्याच्यामागून आलेल्यांस परत फिरण्याची वाट त्यानें दाखविली नाहीं तर ते जेथल्या तेथें उभे राहतात, आणि पक्षाची फूट तेथूनच सुरू होते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हा प्रश्न अनोळखी वाटूं नये. नोव्हेंबर १७६२ मध्यें आळेगांवच्या प्रसंगानंतर थोरले माधवराव आपण होऊन चुलत्याच्या छावणींत गेले. दौलत दुभंगूं नये म्हणून पुतण्यानें घेतलेली ही माघार आपण वाखाणतों, आणि ती वाखाणण्यासारखीच आहे. परंतु तिची किंमत कोणीं दिली? पुतण्याची बाजू धरणाऱ्या गोपाळराव पटवर्धनांची मिरज दादासाहेबांनीं घेतली आणि गोपाळरावांस निजामाचा आश्रय धरावा लागला. धनी शहाणपणानें नमला. चाकर परमुलखांत गेला. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तर उजेडांत आणलें नसतें तर या माघारीची ही दुसरी बाजू आपणांस इतकी स्पष्ट दिसती ना. पाठिराख्याचा कागद जपून ठेवला म्हणजे काय हातीं लागतें याचा तो एक दाखला आहे, म्हणून येथें त्याचा उल्लेख केला. आतां मूळ विषयाकडे वळूं.

१९०६ सालीं कलकत्त्याच्या अधिवेशनासाठीं नव्या पक्षाच्या मंडळींनीं लोकमान्य टिळकांचें नांव पुढें केलें होतें. नेमस्तांनीं विलायतेहून दादाभाई नौरोजींस पाचारण केलें आणि तो वाद तेथेंच मिटला. दादाभाईंच्या समोर उभें राहण्याचें कोणाच्याही मनांत येण्यासारखें नव्हतें. ही माघार सुखाची झाली, कारण त्याच अधिवेशनांत स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चार विषयांचे ठराव संमत झाले. नांव मागें पडलें तरी मुद्दा पुढें सरकला, म्हणून टिळकांच्या माणसांस रिकाम्या हातीं परतल्यासारखें वाटलें नाहीं.

पुढच्या वर्षीं सर्व उलट झालें. मंडालेच्या हद्दपारींतून नोव्हेंबर १९०७ मध्यें सुटून आलेले लाला लजपतराय यांस अध्यक्ष करावें, अशी टिळकपक्षाची मागणी होती. नेमस्तांची पसंती डॉ. राशबिहारी घोष यांस. आपल्या नांवावरून दुही माजूं नये म्हणून लालाजींनीं नकार दिला. हा नकार त्यांच्या योग्यतेस साजेसा होता, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण कागद म्हणून त्याची परीक्षा करूं लागलों म्हणजे एक उणीव ताबडतोब नजरेस येते. टिळकपक्षास लालाजी हवे होते ते केवळ त्यांचा गौरव व्हावा म्हणून नव्हे. कलकत्त्याचे चार ठराव सुरतेस सौम्य केले जातील ही धास्ती त्या मागणीच्या मुळाशीं होती. लालाजींच्या नकारानें नांवाचा वाद संपला आणि ठरावांचा वाद जसाच्या तसा मंडपांत आला. उमेदवारानें आपली जागा सोडली. ज्या कारणासाठीं त्यास उभें करण्यांत आलें होतें त्या कारणाविषयीं प्रतिपक्षाकडून कांहीं वदवून घेतलें नाहीं, आणि आपल्या पाठिराख्यांसही कांहीं सांगितलें नाहीं. २६ डिसेंबर रोजीं गोंगाटांत सभा तहकूब झाली, २७ रोजीं टिळक व्यासपीठावर चढले, आणि त्यानंतर दक्षिणी जोड्यानें काय पराक्रम केला तो सर्वश्रुत आहे. दोन्ही पक्ष पुन्हा एका मंडपांत बसले ते १९१६ सालीं लखनौस.

सुरतेचा दोष लालाजींच्या माथीं मारावा असा आमचा आशय नाहीं. सुरतेची फूट त्यांच्या एका पत्रानें टळली असती असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जो मनुष्य दोन्ही पक्षांस मान्य होता त्याच्या हातीं त्या वेळीं जें साधन होतें, त्याचा अर्धाच उपयोग झाला.

या उलट ज्या कागदाचा उपयोग पुरेपूर झाला, तो कागद महाराष्ट्रांतील अधिवेशनाशीं निगडित आहे. डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांत फैजपूर येथें काँग्रेस भरली. खेड्यांत भरलेलें हें पहिलें अधिवेशन, म्हणून त्याची आठवण काढण्यांत येते. बांबूचा मंडप आणि खादीची सजावट यांचीं वर्णनेंही पुष्कळ आहेत. पण त्या अधिवेशनापूर्वीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींतून सरदार वल्लभभाई पटेल यांनीं आपलें नांव मागें घेतांना जें पत्रक काढलें, त्याकडे द्यावें तितकें लक्ष दिलें गेलेलें नाहीं.

त्या वर्षाची पार्श्वभूमि सांगितल्यावांचून पत्रकाचें मोल कळावयाचें नाहीं. एप्रिलांत लखनौस पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि समाजवादाचा पुरस्कार त्यांनीं उघडपणें केला होता. २९ जून १९३६ रोजीं कार्यकारिणीच्या सात सभासदांनीं त्यांस राजीनाम्याचें पत्र दिलें: राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जयरामदास दौलतराम, जमनालाल बजाज, वल्लभभाई पटेल, कृपलानी आणि आपले शंकरराव देव. गांधींच्या मध्यस्थीनें तें पत्र परत घेण्यांत आलें. नेहरूंनीं पुढें १९५८ सालीं जुन्या पत्रांचा जो संग्रह छापला त्यांत हें पत्र आहे. ज्यांस पक्षांतील मतभेदाची भाषा कशी असते याचा अभ्यास करावयाचा आहे त्यांनीं तें अवश्य पाहावें. या घटनेस सहा महिने होतात न होतात तोंच फैजपूरच्या अध्यक्षपदासाठीं नेहरू आणि पटेल हीं दोन्ही नांवें पुढें आलीं. नेहरूंच्या समाजवादास भिणारे जे पुष्कळ प्रतिनिधि होते त्यांची आशा पटेलांवर होती.

अशा वेळीं पटेलांनीं माघार घेतली. सामान्य रीतीप्रमाणें त्यांनीं प्रकृतीचें कारण सांगितलें असतें, प्रतिस्पर्ध्याची स्तुति केली असती, आणि प्रकरण आटोपलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. आपण नांव मागें घेतों आहों, जवाहरलालांस एकमतानें निवडा, असें त्यांनीं प्रतिनिधींस सांगितलें. आणि त्यास लागूनच सांगितलें कीं, या माघारीचा अर्थ त्यांचीं सर्व मतें आपणांस पटलीं असा कोणीं करूं नये. कांहीं महत्त्वाच्या बाबतींत आपलीं मतें त्यांच्या मतांच्या विरुद्ध आहेत हें काँग्रेसजनांस ठाऊकच आहे. भांडवलशाहीचे दुर्गुण काढून टाकणें अशक्य आहे असें आपण मानीत नाहीं. प्रसंग पडल्यास कायदेमंडळांत अधिकारपदें स्वीकारणें इष्ट ठरूं शकेल. आणि शेवटीं, ज्या वाक्यासाठीं आम्ही या पत्रकास या समूहांत अग्रस्थान देतों तें वाक्य: अध्यक्ष हा हुकूमशहा नव्हे, तो एका सुसंघटित संस्थेच्या सभेचा चालक होय, आणि कोणा एका व्यक्तीस निवडल्यानें काँग्रेस आपले अधिकार तिच्या हवालीं करीत नाहीं.

या पत्रकाचें वाचन दोन ठिकाणीं बसून केलें पाहिजे. नेहरूंच्या पक्षाच्या माणसानें तें वाचलें तर त्यास आपला उमेदवार निवडून येणार एवढें दिसेल आणि तो संतुष्ट होईल. पटेलांच्या माणसानें वाचलें तर त्यास दिसेल कीं, मत कोठें टाकावयाचें तें आपल्या पुढाऱ्यानें स्पष्ट सांगितलें आहे, परंतु आपलें मत सोडावयास मात्र सांगितलेलें नाहीं. उलट तें चारचौघांत बोलून दाखविलें आहे. घरीं परतणाऱ्या शिपायास त्याचें हत्यार परत मिळालें. असें असतां फुटून जाण्याचें कारणच उरत नाहीं. नेहरूंनींही आपल्या बाजूनें, या निवडणुकीस समाजवादावरचें मतदान समजणें हास्यास्पद होईल, अशा अर्थाचा खुलासा केला, म्हणजे उत्तरही प्रश्नास शोभेसें मिळालें. जुलै १९३७ मध्यें काँग्रेसनें प्रांतोप्रांतीं अधिकारपदें स्वीकारलीं. पटेलांनीं पत्रकांत जो मुद्दा राखून ठेवला होता तो आठ महिन्यांच्या आंत पक्षाचें धोरण होऊन बसला, आणि तेंही नेहरू अध्यक्ष असतांना.

पटेलांच्या चरित्रलेखकांपैकीं कांहींनीं या पत्रकाचा उल्लेख केवळ गांधींच्या शब्दाखातर केलेला त्याग म्हणून केला आहे. तें वाचन आम्हांस अपुरें वाटतें. त्याग त्यांत आहेच. पण त्यागापेक्षां हिशेब अधिक आहे, आणि हा हिशेब उणेपणाचा नव्हे. ज्या मनुष्यानें आपल्या पाठिराख्यांची पुंजी मोजून त्यांच्या पदरांत परत टाकली, त्यास नुसता त्यागी म्हणणें म्हणजे त्याच्या मुत्सद्देगिरीस कमी लेखणें होय. १९४६ सालीं बहुतेक प्रांतिक समित्यांनीं त्यांचें नांव सुचविलें असतां त्यांनीं पुन्हा माघार घेतली, पण ती मुख्यतः कार्यकारिणीच्या बैठकींतच उरकली. त्या माघारीविषयींचे तर्ककुतर्क आजतागायत थांबलेले नाहींत, आणि ते करणारांत त्या काळीं जन्मलेलेही नव्हते अशांचा भरणा फार. फैजपूरच्या माघारीविषयीं असा वाद होत नाहीं. कारण जें सांगावयाचें तें जाणारानेंच सांगून ठेवलें आहे.

आतां १९३९ चें प्रकरण. येथें तीन उमेदवार आहेत आणि तिघेही आपापल्या परीनें जाणारे आहेत: एक निवडणुकीपूर्वीं गेला, एक हरून गेला, आणि एक जिंकून गेला.

पहिले मौलाना अबुल कलाम आझाद. जानेवारी १९३९ च्या तिसऱ्या आठवड्यांत त्यांनीं नांव मागें घेतलें आणि डॉ. पट्टाभि सीतारामय्या यांस मतें द्यावींत अशी शिफारस केली. कार्यकारिणीचे एक जुने सभासद, अखंड काम करणारे, यांची निवड एकमतानें व्हावी, असें त्यांनीं लिहिलें. तेथेंच एक वाक्य असें आहे कीं, पट्टाभि स्वतः माघार घेण्याच्या बेतांत होते, त्यांस आपण परावृत्त केलें. पत्रक सभ्य आहे, थोडक्यांत आहे, आणि आमच्या कसोटीस अर्धेंच उतरतें. मत कोणास द्यावें हें त्यांत आहे. कां द्यावें हें नाहीं. सुभाषचंद्र बोस त्या वेळीं अध्यक्ष होते आणि पुन्हा उभे राहण्याचा त्यांचा निश्चय होता. त्यांच्याशीं आझादांचा मतभेद कोणत्या मुद्द्यावर होता? संघराज्याच्या योजनेवर, लढ्याच्या वेळेवर, कीं केवळ दुसऱ्यांदा निवडून येण्याच्या पद्धतीवर? पत्रक मौन धरतें. मौनाची ही जागा मग दुसऱ्यांनीं भरली.

सुभाषबाबूंनीं २१ जानेवारी रोजीं उत्तर दिलें. निवडणूक व्यक्तींवर न होतां निश्चित प्रश्नांवर आणि कार्यक्रमांवर व्हावी, अशी त्यांची भूमिका. आझादांच्या विनंतीमुळें बहुमत आपल्या विरुद्ध गेलें तर तो निर्णय आपण निष्ठेनें मानूं आणि साधा शिपाई म्हणून सेवा करूं, असेंही त्यांनीं लिहिलें. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें. हरलों तर काय करूं याचें वचन त्यांत आहे. जिंकलों आणि राज्य चालेनासें झालें तर काय करूं याचें नाहीं.

२४ जानेवारीस कार्यकारिणीच्या सात सभासदांनीं संयुक्त पत्रक काढलें. त्यावरील सह्या जून १९३६ च्या राजीनाम्यावरील सह्यांशीं ताडून पाहिल्या तर मौजेची गोष्ट दिसते: सातांपैकीं सहा नांवें तींच आहेत, राजगोपालाचारींच्या जागीं भुलाभाई देसाई आले इतकाच काय तो फरक. पत्रकाचा आशय असा कीं, अध्यक्षाची निवड आजवर एकमतानें होत आली, धोरण अध्यक्ष ठरवीत नसतो, म्हणून सुभाषबाबूंनीं पुनर्विचार करावा. अध्यक्षपदाविषयींचा हा सिद्धांत पटेलांच्या १९३६ च्या पत्रकांतलाच आहे. पण तेव्हां तो स्वतः माघार घेणाराच्या तोंडीं होता, आतां दुसऱ्यास माघार घ्यावयास सांगणारांच्या तोंडीं आला. शब्द तेच राहिले, वजन बदललें. ज्यास कागदांची पारख आहे त्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. सुभाषबाबूंनीं प्रत्युत्तरांत आचार्य नरेंद्र देव यांच्यासारखा संघराज्ययोजनेचा खराखुरा विरोधक सर्वांस मान्य होत असेल तर आपण बाजूस होऊं, अशी तयारी दाखविली. ती कोणीं मनावर घेतली नाहीं. आमच्या मतें त्या पंधरवड्यांत ऐक्याची जी काय संधि होती ती हीच होती, आणि ती वाया गेली.

२९ जानेवारीस मतदान झालें. सुभाषबाबूंस १५८० मतें मिळालीं. पट्टाभींचीं मतें कांहीं ग्रंथांत १३७७ दिलीं आहेत, कांहींत १३७५.

हरलेल्या उमेदवाराचें निवेदन या समूहांत सर्वांत महत्त्वाचें असावयास हवें. पण येथें तें हरलेल्याच्या हातून गेलें. ३१ जानेवारीस बारडोलीहून गांधींनीं निवेदन काढलें आणि ४ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्यें तें छापलें. मौलानांनीं नांव काढल्यावर पट्टाभींनीं आपलें नांव काढूं नये म्हणून आपण प्रयत्न केला होता, सबब हा पराभव त्यांच्यापेक्षां आपला अधिक आहे, हें त्यांतील वाक्य शाळकरी पोरासही पाठ आहे. दुर्दैवानें पुष्कळ इतिहासकारांसही तेवढेंच पाठ आहे. संपूर्ण निवेदन वाचणारास त्यांत याहून अधिक सांपडतें. सुभाषबाबू कांहीं देशाचे शत्रु नव्हेत, त्यांनीं देशासाठीं सोसलें आहे. त्यांनीं आतां एकजिनसी कार्यकारिणी नेमावी. अल्पसंख्य पक्षानें कोणत्याही प्रकारें अडथळा करूं नये, सहकार्य देववत नसेल तेथें अलिप्त राहावें. ज्यांस काँग्रेसमध्यें राहणें जड जाईल त्यांनीं बाहेर यावें, पण मनांत कडवटपणा ठेवून नव्हे. एका वाक्यावरून या निवेदनास रागाचें पत्रक ठरविणें हें कात्रीचें काम आहे, संशोधकाचें नव्हे.

तथापि संपूर्ण वाचूनही आमचें समाधान होत नाहीं. हरणाऱ्या बाजूच्या माणसांस या निवेदनांत दोन वाटा दाखविल्या आहेत: बहुमताबरोबर चाला, नाहीं तर बाजूस व्हा. तिसरी वाट, जी फैजपूरच्या पत्रकांत होती, म्हणजे आंत राहून भिन्न मत उघड राखण्याची, ती येथें नाहीं. दुसरें असें कीं, १३०० वर प्रतिनिधींनीं मत दिलें तें पट्टाभींस. मतपेटी बंद झाल्यावर तें गांधींच्या तत्त्वांस दिलेलें ठरलें. आणि १५८० जणांनीं सुभाषबाबूंस दिलेलें मत गांधींच्या विरुद्ध दिलेलें ठरलें, जें त्यांतील पुष्कळांच्या स्वप्नींही नव्हतें. मतदारांस गांधींच्या बाजूनें किंवा विरुद्ध मत द्यावयास सांगितलेलेंच नव्हतें, असें सुभाषबाबूंनीं लागलीच लिहिलें. हिंदुस्थानांतील सर्वश्रेष्ठ पुरुषाचा विश्वास आपण मिळवूं शकलों नाहीं तर तें आपलें दुर्दैव, असेंही लिहिलें. पण अर्थ एकदां फिरला तो फिरला. पराभव आपल्या अंगावर घेणें ही उदारता खरी. मात्र त्या उदारतेनें विजयी उमेदवाराच्या पाठिराख्यांचे पाय लटपटले.

पुढील घटना थोडक्यांत सांगण्याजोग्या आहेत. २२ फेब्रुवारीस वर्ध्यास कार्यकारिणीच्या १२ सभासदांनीं राजीनामे दिले. नेहरूंनीं आपलें निवेदन वेगळें काढलें. १० मार्चपासून जबलपूरजवळ त्रिपुरीस अधिवेशन झालें. अध्यक्ष तापानें फणफणलेले, त्यांस डोलीवरून मंडपांत आणावें लागलें. गांधींच्या इच्छेनुसार कार्यकारिणी नेमावी असा पंडित गोविंद वल्लभ पंत यांचा ठराव आला. जानेवारींत ज्यांनीं सुभाषबाबूंस मतें दिलीं होतीं त्या समाजवादी पक्षानें त्या ठरावाच्या वेळीं तटस्थता धरली आणि ठराव संमत झाला. दीड महिन्यांत बहुमताचें पाणी कोठें मुरलें, याचें उत्तर बरेचसें बारडोलीच्या निवेदनांत आहे असें आम्ही समजतों. थोडेंसें सुभाषबाबूंच्या स्वतःच्या पत्रकांतही आहे, कारण आपल्यास मत देणारे सर्व आपले अनुयायी होत हा समज त्यांत जागोजाग डोकावतो.

मार्च-एप्रिलांत गांधी व बोस यांच्यामध्यें लांबलचक पत्रव्यवहार झाला. गांधी म्हणत, तुम्ही आपल्या मताची कार्यकारिणी नेमा. बोस म्हणत, सर्व पक्षांची मिळून असावी. २९ एप्रिल १९३९ रोजीं कलकत्त्यास महासमितीपुढें सुभाषबाबूंनीं राजीनामा दिला. राजीनाम्याचें निवेदन शांत आहे, भारदस्त आहे. केवळ साहाय्य व्हावें याच बुद्धीनें आपण पद सोडतों आहों असें त्यांत म्हटलें आहे. जुनी कार्यकारिणी कायम ठेवून राजीनामा परत घ्यावा अशी सूचना नेहरूंनीं आणली, ती जमली नाहीं, आणि राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले.

निवेदनाच्या गुणांविषयीं वाद नाहीं. परंतु आमचा पहिला प्रश्न येथेंही उभा राहतो. १५८० प्रतिनिधींनीं ज्यास निवडलें तो जातांना त्यांस काय सांगतो? निवेदनांत त्यांच्यासाठीं जवळजवळ कांहीं नाहीं. तें महासमितीस उद्देशून आहे, गांधींस उद्देशून आहे, जुन्या सहकाऱ्यांस उद्देशून आहे. पाठिराख्यांसाठीं जें सांगावयाचें तें चार दिवसांनीं, ३ मे रोजीं, फॉरवर्ड ब्लॉकच्या स्थापनेच्या रूपानें सांगण्यांत आलें. पक्षाच्या आंतच एक गट, असें त्याचें प्रथम स्वरूप होतें. जूनमध्यें मुंबईस त्याची अखिल भारतीय परिषद भरली, महाराष्ट्रांत सेनापति बापट त्यांत पडले. हें चार दिवसांचें अंतर लहान दिसतें. पण २९ एप्रिलच्या निवेदनांतच, आपले लोक आंत राहून अमुक कार्यक्रमासाठीं झटतील, असें फैजपूरच्या धर्तीवर म्हटलें असतें, तर गटाचा जन्म राजीनाम्याच्या सौजन्यांतून झालेला दिसला असता. तो निराळ्या दिवशीं, निराळ्या सभेंत, निराळ्या आवाजांत झाला, म्हणून प्रतिपक्षास तो बंडासारखा दिसला. महासमितीच्या निर्बंधांविरुद्ध ९ जुलैस निषेधदिन पाळण्यांत आला; ऑगस्टांत कार्यकारिणीनें सुभाषबाबूंस तीन वर्षांपर्यंत कोणत्याही निवडलेल्या समितीचें सभासदत्व घेण्यास अपात्र ठरविलें. येथें कार्यकारिणीचा कठोरपणा आम्हांस समर्थनीय वाटत नाहीं. साधा शिपाई होण्याचें वचन ज्यानें दिलें होतें त्यास शिपाईगिरीची जागाही ठेवली नाहीं.

या प्रकरणाच्या साधनांविषयीं दोन शब्द. पट्टाभि सीतारामय्या हेच काँग्रेसचे इतिहासकार. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९३५ सालीं निघाला, दुसरा १९४७ सालीं; १९३९ ची हकीकत अर्थात् दुसऱ्या भागांत येते. बखरकार स्वतः लढाईंत जायबंदी झालेला असावा असे प्रसंग आपणांस अपरिचित नाहींत, आणि अशी बखर टाकून द्यावी असेंही कोणी म्हणत नाहीं. ती कोणाची आहे हें डोळ्यांआड होऊं नये इतकेंच. आझादांस पुढच्याच वर्षीं रामगडास अध्यक्षपद मिळालें, पट्टाभींस १९४८ सालीं. माघार घेणारा आणि हरणारा या दोघांसही पक्षानें पोटांत घेतलें. बाहेर गेला तो जिंकलेला.

सुभाषबाबूंचीं व गांधींचीं पत्रें छापून झालीं आहेत, त्यांसाठीं संग्राहकांनीं धांवपळ करण्याचें कारण नाहीं. ज्यांची खरी निकड आहे ते कागद प्रतिनिधींचे: जानेवारी १९३९ मध्यें तालुक्यांतून प्रांतिक समितीस गेलेलीं पत्रें, त्रिपुरीहून घरीं लिहिलेलीं कार्डें, मत कोणास द्यावें याविषयींच्या तारा, जिल्हा समित्यांचीं इतिवृत्तें. मोडी रुमालांच्या शेजारीं त्यांस एक फडताळ मिळालें तर आमची हरकत असण्याचें कारण नाहीं. प्रांतवार मतांच्या याद्या जेथें जेथें मिळतील तेथून त्यांच्या नकला करून घ्याव्या. पट्टाभींचीं मतें १३७७ कीं १३७५ हा दोन मतांचा घोळ त्या याद्या एकमेकींशीं ताडून पाहिल्यावांचून मिटावयाचा नाहीं.